रुक्मिणीमातेची रदबदली



सज्जनहो, पारावर नेहमी निघणारा एक प्रश्न आज चिंतनाला घेऊ. समजा, घरचा म्हातारा संशयास्पद रीतीने गेला. शेत, वाडा, ठेवी सगळे एकुलत्या लेकीच्या नावावर चढणार. गाव म्हणते, हिनेच बापाला खाल्ले. चांदूर रेल्वेची चार माणसे अमरावतीच्या सत्र न्यायालयात खटला ऐकायला जातात आणि पाहतात तर काय, एक विद्वान वकील त्या लेकीच्या बाजूने उभा! मग भाविक माणूस विचारतो, "महाराज, हा वकील पापाचा वाटेकरी नव्हे काय?"

हा पूर्वपक्ष हलका समजू नका. संतांनी दुर्जनाची संगत टाळायला सांगितले. पैसे घेऊन खुन्याला सोडवणे ही तर पापाची दलालीच झाली. आणि जो जिवानिशी गेला, त्याचे काय?

उत्तर शोधायला दूर जायला नको. आपल्या जवळच वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, आईसाहेबांचे माहेर. रुक्मी भगवंताशी लढायला धावला आणि हरला. भगवंताने खड्ग उचलले, तेव्हा रुक्मिणीमातेने देवाचे पाय धरले. भावाने तिच्या मनाविरुद्ध तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले होते. तिने अपराध झाकला नाही, भाऊ निर्दोष आहे असेही म्हटले नाही. तिने फक्त जीवदान मागितले. देवाने रुक्मीला विद्रूप करून सोडले, आणि बळीरामदादांना तेवढेही आवडले नाही. अपराध्यासाठी बोलणे म्हणजे अपराधाला साथ देणे नव्हे, हे आपल्या वऱ्हाडच्या लेकीने साक्षात देवापुढे दाखवून दिले.

तुम्ही म्हणाल, तिथे देव न्यायाला बसला होता. त्याला सर्व ठाऊक होते. बरोबर. पण म्हणूनच कोर्टात वकिलाची गरज अधिक आहे. न्यायाधीश अंतर्यामी नाही. त्याला पुराव्याच्याच डोळ्यांनी पाहावे लागते, आणि एका बाजूचेच ऐकले तर तो एका डोळ्याने पाहील. आपल्या राज्यघटनेच्या २२व्या कलमाने अटक झालेल्या माणसाला वकिलाचा हक्क दिला, तो एवढ्यासाठीच.

पुण्याचा एक खटला वकील मंडळी आजही अभ्यासतात. लक्ष्मीबाई कर्वे नावाची मालमत्ता असलेली विधवा मधुमेहाने आजारी होती. डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्यावर तिचा विश्वास. १२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री ती त्यांच्याबरोबर आगगाडीने मुंबईला निघाली. सकाळी तिला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल केले गेले ते माहेरच्या नावाने, आणि त्याच दिवशी ती गेली. पुढे नातलगांना तिच्या नावाने पत्रे येऊ लागली: मी पुन्हा लग्न केले आहे, मला शोधू नका. इकडे तिचा पैसा डॉक्टरांकडे वळत होता.

त्या पत्रांतली चाल पाहा. विधवा बाई घर सोडून गेली, तिने लग्न केले, हे जगाला चटकन खरे वाटेल, असा तो हिशेब होता. आपली उतावीळ जीभ खुनाचे पांघरूण होऊ शकते! ते पांघरूण निघाले ते नातलगांनी चौकशीचा आग्रह धरला म्हणून.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शवात विष सापडलेले नव्हते. मग विषप्रयोग कसा मानायचा, हा बचावाचा मुद्दा. डिसेंबर १९५९मध्ये निकाल लागला. तिघांपैकी दोन न्यायमूर्तींनी परिस्थितीजन्य पुराव्यावर फाशी कायम केली. न्यायमूर्ती सरकार यांना मात्र विषाने मृत्यू झाल्याचे सिद्ध झाले असे वाटले नाही. बचावाचे म्हणणे इतके तोलून पाहिले गेले, म्हणूनच त्या निकालाला वजन आहे. पारावरच्या निकालाला ते कुठून येणार?

तेव्हा सिद्धांत असा. वकील पापाची नव्हे, पुराव्याची बाजू धरतो. पण त्याला मर्यादा आहे. साक्षीदार पढवला, खोटा कागद पुढे केला, की तो खरोखर पापाचा वाटेकरी झाला.

कायद्यानेही लोभाचे दार लावले आहे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे २५वे कलम सांगते की ज्याने खून केला, त्याला त्या मृताचा वारसा मिळत नाही. पण कायदा हात धरतो, मन नाही. मनासाठी तुकोबारायांकडे जावे लागते. घराण्याच्या सावकारीची खते वाटली, तेव्हा भावाचा वाटा त्यांनी भावाला दिला आणि फक्त आपला वाटा इंद्रायणीत सोडला. वैराग्य स्वतःच्या वाट्याचे असते, दुसऱ्याच्या नव्हे. बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवून तिला त्यागाचा उपदेश करणाऱ्याने हे ध्यानात धरावे.

माउली, धुऱ्यावरून आणि सातबाऱ्यावरून जिथे मने फाटली आहेत, तिथे वाटण्या वेळेत, सर्वांसमक्ष आणि लेकींना धरून करा. आणि एखाद्या घरावर आरोप आलाच, तर निकाल लागेपर्यंत त्या घरातल्या लेकराबाळांना हरिपाठाच्या पंगतीतून उठवू नका. पुंडलिकाच्या विटेवर उभा असलेला देव कोणाला आधी कुळ विचारत नाही, की खटला विचारत नाही. त्याच्या दारातले आपण. आपण तरी घाई का करावी?

राम कृष्ण हरि.