चांदबिबीला कोणी मारले?

इतिहासाच्या तासाला चांदबिबीचे नाव निघाले की आमच्या ताडकळसच्या वर्गात मुले सरसावून बसतात. १५९५ च्या अखेरीस अकबराचा शहजादा मुराद अहमदनगरवर चालून आला. सुरुंगाने किल्ल्याची भिंत उडाली, तेव्हा ही बाई तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तिने भिंत बांधून घेतली. इथवर सगळे खूश. मग एखादी मुलगी विचारते, तिला मोगलांनी मारले का? नाही. १६०० साली दुसऱ्या वेढ्यात तिने तहाचा विचार बोलून दाखवला. ती फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले.

बायकांनी सैन्यात लढावे की नाही या वादाचे मूळ आम्हाला इथे दिसते. बाईच्या हातातली तलवार फारशी खुपत नाही, तिचा हुकूम खुपतो. आमचे बुजुर्ग मजहबचा हवाला देतात. उहुदच्या मैदानात हजरत उम्मे अम्मारा पैगंबरांच्या (स.) रक्षणासाठी लढल्या आणि जखमी झाल्या, हे सांगितले की 'तो जमाना वेगळा होता' म्हणून विषय मिटवतात.

सैन्यातील महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात सरकारने सर्वोच्च न्यायालयात म्हणणे मांडले की, जवान बहुतेक खेड्यांतले. बाईचा हुकूम मानायला त्यांची मने अजून तयार नाहीत. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते फेटाळले. पण खेड्यातले म्हणजे आम्हीच! आमच्या नावावर दिल्लीत असे बोलले गेले याचा राग यावा की शरम? आम्हाला दोन्ही आले. कारण ते साफ खोटे नव्हते. बैठकीत बोलू पाहणाऱ्या बाईला 'घरच्या मर्दाला पाठव' म्हणून परत पाठवलेले आम्ही पाहिले आहे, आणि पाहून गप्प बसलो आहोत. मन जवानाचे कच्चे, मग दरवाजा बाईला का बंद? तालीम कोणाला हवी?

लढाई ही काय मागून घेण्याची चीज आहे, असेही कोणी म्हणतात. शंका खरी आहे. मात्र आमची पोरे भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात, तेव्हा त्यांना ती कोणी विचारत नाही.

हवाई दलात २०१६ पासून मुली लढाऊ विमाने चालवतात. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. पायदळ आणि रणगाडा दल त्यांना अजून बंदच आहे. प्रबोधिनीच्या तयारीसाठी शासनाने औरंगाबादला मुलांची संस्था १९७७ साली काढली. मुलींची नाशिकला निघाली २०२३ मध्ये. प्रवेश परीक्षेचे पेपर हिंदी-इंग्रजीत, आणि आमच्या मुली उर्दूत शिकतात, ती अडचण वेगळीच.

हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "नाशिक में हॉस्टेल है क्या?" आम्ही हो म्हणालो. तास संपल्यावर ती जवळ आली. म्हणाली, "अब्बा को आपइच बोलो."

आम्ही अजून त्यांच्या घरी गेलेलो नाही.