रोपांआधीचे काम

जंगल पुन्हा उभे करायचे म्हटले की खड्डे, रोपे आणि पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर येतो. सिडनीच्या मोसमन उपनगरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी 1960च्या दशकात रोपे न लावता रान परत आणायला सुरुवात केली. त्यांची पद्धत जोन यांच्या निधनानंतर, 1988 मध्ये पुस्तकरूपाने आली. झाडे लावण्याचा उत्साह असलेल्या प्रत्येक समाजाने ती समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

बंदराकाठच्या रानात रोज फिरताना त्या थोडे थोडे तण उपटत. कोयत्याने किंवा यंत्राने सपाट केलेल्या जागी तण पुन्हा दाट माजते, हे त्यांनी पाहिले होते. त्यातून तीन नियम आले. काम चांगल्या तुकड्यापासून वाईटाकडे न्यायचे. माती कमीत कमी हलवायची, पालापाचोळा पुन्हा जागच्या जागी पसरायचा. आणि स्थानिक झाडे जितक्या वेगाने उगवतील तितक्याच वेगाने तण काढायचे, त्याहून भराभर नाही. यातला पहिला नियम पाळणे सर्वांत अवघड. तणाने गच्च भरलेली जागा डोळ्यांत खुपते आणि हात आधी तिकडेच वळतात. पण तिथली मोकळी झालेली माती भरायला आसपास देशी बियाणे उरलेलेच नसते. सिडनीची वालुकाश्मावरची माती फॉस्फरसला गरीब, आणि तिथली झाडे त्या गरिबीलाच सरावलेली. घरांच्या बागांतले खत पावसाच्या पाण्याबरोबर उतारावर आले की प्रिव्हेटसारखी परकी झुडपे माजतात. म्हणजे दोष झुडपाइतकाच गटाराच्या वाटेचाही आहे.

मातीत बियाणे शिल्लक असेल तिथे हे चालते. नसेल तिथे काय करायचे, याचे उत्तर न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला ‘बिग स्क्रब’मध्ये मिळते. बंडजालुंग लोकांच्या या भूमीत ज्वालामुखीच्या लाल मातीवर सुमारे 75,000 हेक्टर वर्षावन होते. आधी रेड सीडरसाठी लाकूडतोडे आले. हे झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारा तूण. मग आले शेतकरी आणि त्यांच्या दुभत्या गाई. 1900 सालापर्यंत एक टक्क्याहूनही कमी जंगल उरले. पुढे दुग्धव्यवसाय मंदावला, कुरणे ओस पडली आणि सावलीसाठी लावलेला कापराचा वृक्ष पाखरांनी सगळीकडे पसरवला.

कापूर परका, तेव्हा तो तोडावा, हा निष्कर्ष सरळ वाटतो. पण ग्रिफिथ विद्यापीठाच्या कार्ला कॅटरॉल आणि जॉन कॅनोव्स्की यांच्यासारख्या अभ्यासकांनी या झाडांखाली पाहिले, तेव्हा वर्षावनातल्या झाडांची रोपे तिथे आपसूक उगवलेली आढळली. कापराची फळे खायला येणारी फळखाऊ कबुतरे जवळच्या उरल्यासुरल्या जंगलातल्या बियाही टाकून जात होती. मग काही ठिकाणी वेगळी रीत सुरू झाली: खोडात भोके पाडून तणनाशक भरायचे आणि झाड उभ्याउभ्याच वाळू द्यायचे. फांद्यांवर पाखरे बसत राहतात, खाली हळूहळू ऊन उतरते आणि देशी रोपे वर येतात. तणनाशकाचे नाव काढले की अनेकांच्या कपाळाला आठी पडते, ती योग्यच आहे. तरीही मोजून, खोडाच्या आत भरलेले औषध मला बुलडोझरने उलथलेल्या मातीपेक्षा कमी घातक वाटते.

जंगलाचा तुकडा दूर असेल आणि मातीत फक्त गवताचे बी असेल, तर मात्र रोपे लावावीच लागतात. तीही दाट, अनेक जातींची, म्हणजे काही वर्षांत माथे एकमेकांना भिडून सावलीच गवताला आवरते. तोवर तण काढत राहावे लागते. तण काढणारे हात थांबले की मदेरा वेलासारखी वेल कोवळ्या झाडांना घेरते. तिचे खोडावरचे कंद जमिनीवर पडले की प्रत्येकातून नवी वेल फुटते.

महाराष्ट्राला यातले पुष्कळ ओळखीचे वाटावे. बिग स्क्रबला छळणारी घाणेरी आपल्या डोंगरउतारांवरही आहे. दोन्हीकडे ती बागेची शोभा म्हणून आली. उलट, तिकडची निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आपण वनीकरणाच्या नावाने हौसेने लावली. 2019च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले होते. अशा आकड्यांत माळरानाचे मूळ गवत मोजले जात नाही. तोडलेल्या बुंध्यांना आपणहून फुटलेले धुमारे आणि देवराईच्या कडेला उगवलेली रोपेही त्यात नसतात. कुऱ्हाड, वणवा आणि चराई काही वर्षे आवरली तर सह्याद्रीत कितीतरी ठिकाणी खड्ड्याची गरजच पडणार नाही. मात्र आपले डोंगर मोकळे नाहीत. तिथे गुरे चारणारी, सरपण आणणारी कुटुंबे आहेत, आणि चराई थांबवण्याचा निर्णय त्यांच्याशी बसून, चाऱ्याची दुसरी सोय करूनच घ्यावा लागेल.

यासाठी पैशाची वाटणी बदलायला हवी. आज निविदेत खड्ड्यांची आणि रोपांची संख्या ठळक असते. तिच्या शेजारी पाचव्या आणि सातव्या वर्षीच्या तण काढणीची मजुरीही लिहिलेली असावी, आणि ती त्याच गावातल्या, कोणते रोप ठेवायचे हे ओळखणाऱ्या माणसांच्या हातात पडावी.