बुर्जी

तरुणपणीं सुटलेला खेळ उतारवयांत पुन्हां हातीं धरणें ही निव्वळ करमणूक असते, कीं त्यांत आपली आपल्यालाच झडती द्यावी लागते? गेल्या दिवाळींत आर्णीच्या वडिलोपार्जित घरीं हा प्रश्न माझ्यापुढें अनपेक्षितपणें उभा राहिला.

अरुणावतीकांठच्या शेताच्या वांटणीवरून माझे थोरले बंधु व मी यांच्यांत दोन वर्षें अबोला होता. दावा कोर्टांत चालू होता. आईच्या आग्रहानें एका ओसरीवर बसलों खरें, पण बोलावें काय? शेवटीं फडताळांतील बुद्धिबळाचा जुना पट निघाला. मोहऱ्यांना माझा हात लागून तीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

आमच्या घरचा खेळ देशी रीतीचा. प्यादें पहिल्या चालीलाही एकच घर पुढें जाई; राजाला एकदां घोड्याची चाल मिळे; आणि एका पक्षाचीं सारीं मोहरीं मरून राजा एकटा उरला, कीं 'बुर्जी' म्हणून डाव थांबे. ती अर्धीच जीत मानीत. कॉलेजांत गेल्यावर मी आंतरराष्ट्रीय नियम शिकलों. त्यांत बुर्जी नाहीं. एकट्या राजाला कोपऱ्यांत गांठून मात देतां येते. तेव्हां मला बुर्जी हा वडीलधाऱ्यांचा भिडस्तपणा वाटे.

कोणी म्हणेल, लांकडी मोहऱ्यांच्या खेळांतून नीतीचा बोध कसला काढतां? पण लुटुपुटीच्या लढाईकडे शहाण्यांनीं नेहमींच गंभीरपणें पाहिलें आहे. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यानें नकाशावरील युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं स्वीकारला. एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ त खेळण्यांतील शिपायांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहून खऱ्या युद्धापेक्षां हें बरें असें बजावलें. पुढच्याच वर्षीं खरें महायुद्ध पेटलें. १९८३ त इंग्लंडांत निघालेल्या 'वॉरहॅमर'मधील राक्षस-वीरांच्या इवल्या पलटणी पोरवयांत रंगवणारे लोक केस पिकल्यावर पुन्हां त्यांच्याकडे वळतात. या ओढीचें कारण मला एकच दिसतें: खेळांत मेलेला शत्रु पुढच्या डावाला पुन्हां उभा राहतो. संसारांत तसें होत नाहीं. म्हणूनच जेत्याचा हात आवरणारा नियम खेळांत शिष्टाचार असेल, संसारांत तो धर्म आहे.

यावर एक आक्षेप खरोखरच जड आहे. ज्याचा हक्क खरा, त्यानें अर्ध्यावर कां थांबावें? अशा थांबण्यानें अन्यायालाच उत्तेजन मिळणार नाहीं काय? मिळेल, समोरच्याजवळ मोहरीं शिल्लक असतील तर. बुर्जी बलवानापुढें मान तुकवायला सांगत नाहीं. ज्याच्याजवळ कांहींच उरलें नाहीं त्याचा पाठलाग सोडायला सांगते.

त्या संध्याकाळीं बंधूंचा राजा एकटा पडला. जुन्या नियमाचें भान न राहून मीं हत्ती पुढें सारून शह दिला. ते शांतपणें म्हणाले, "अरे, बुर्जी झाली ना!"

मीं हत्ती मागें घेतला, पण मन तेथेंच राहिलें. कागदपत्रें माझ्या बाजूचीं आहेत. वकील म्हणतात, विहिरीकडील तुकडाही मिळेल. तो गेला तर बंधूंचें उरलेलें शेत कोरडें पडेल, आणि त्यांना दुसरें उत्पन्न नाहीं. दाव्याचें व्हायचें तें होवो. तो तुकडा मी मागणार नाहीं, असें वकिलांना कळविलें आहे.