काढलेली आणि बजावलेली

मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याच्या नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या पावसाळ्यात एक म्हातारबाबा माझ्या शेजारी उभे होते. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी सातबारा काढला. चार घड्यांचा, मधल्या घडीवर विरलेला. ‘इतर हक्क’च्या रकान्यात दोनच शब्द होते: खाजगी वने. “आमच्या बापाला नोटीस आली होती म्हंतात,” ते म्हणाले, “पन घरात ती कोनी बघितली नाय.”

तेव्हापासून ‘नोटीस’ हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

मराठीत नोटीस काढतात आणि नोटीस बजावतात. काढली जाते ती कचेरीत, बजावली जाते ती उंबऱ्यावर. वनकायद्याच्या इंग्रजीत मात्र ‘इश्यू’ या एका शब्दावर सगळा भार पडला. १९२७ च्या वन अधिनियमाचं कलम ३५(३) सांगतं, की खाजगी जमिनीवर वनाचे निर्बंध घालण्याआधी मालकाला कारणे दाखवा नोटीस द्यावी आणि त्याची हरकत ऐकावी. पुढे महाराष्ट्राने १९७५ मध्ये खाजगी वने संपादनाचा कायदा केला. अशी नोटीस जिच्याबाबत निघाली आहे, ती जमीनही त्याने खाजगी वनाच्या व्याख्येत घेतली आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने सरकारकडे आली. नोटीस नुसती निघाली तरी पुरे, असा अर्थ सरकार लावत राहिलं.

अशी वनात धरलेली वरकस, म्हणजे खाचराबाहेरची माळाची जमीन, मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने भातखाचराचंच अंग. तिथला टहाळ तोडायचा, शेण-पाचोळ्याचे थर द्यायचे आणि पावसाच्या तोंडावर राब भाजायचा. त्या राखेत रोप उगवतं. वरकस गेली की राबही गेला, हे सातबाऱ्याच्या रकान्यात दिसत नाही.

निर्णायक खटला मात्र विक्रोळीच्या गोदरेजच्या जमिनीचा. तिथली नोटीस १९५६ च्या राजपत्रात छापलेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये कंपनीविरुद्ध निकाल दिला. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: ‘काढली’ यात ‘बजावली’ हेही आलंच पाहिजे आणि दशकानुदशकं निपचित पडलेल्या नोटिशीवर जमीन घेता येणार नाही. न्यायमूर्ती मदन लोकूर यांचं ते निकालपत्र वाचताना मला दुकानातला तो विरलेला कागद आठवत राहिला. जंगल राखलंच पाहिजे, असं मानणारा मी माणूस आहे. पण ज्याचं रान आहे त्याला न सांगता ते राखणं मला पटत नाही.

याच्या शेजारी सीमाशुल्काचे खटले ठेवून पाहावेत. तिथे आयातदाराच्या हातात नोटीस पोचलेली असते, भांडण सहीवर असतं. १९६२ च्या कायद्याच्या कलम २८ खाली शुल्कवसुलीची नोटीस ‘योग्य अधिकाऱ्या’नेच बजावायची. मुंबईच्या प्रतिबंधक विभागाने काढलेल्या नोटिशीवरून २०११ च्या सय्यद अली खटल्यात तो विभाग योग्य ठरला नाही. मग ९ मार्च २०२१ रोजी कॅनन इंडिया प्रकरणात महसूल गुप्तचर संचालनालयाचाही अधिकार नाकारला गेला. त्या युक्तिवादात इंग्रजी ‘द’ला मोठं वजन आलं: ‘द प्रॉपर ऑफिसर’, म्हणजे ज्याने मालाची पहिली आकारणी केली तोच. मराठीला उपपद नाही. हे वजन आपल्याला ‘तोच’मधला ‘च’ लावूनच दाखवता येतं. एका ‘च’वर कोट्यवधींची वसुली अडली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या त्रिसदस्यीय पीठाने पुनर्विलोकनात तो ‘च’ काढून टाकला. ६ जुलै २०११ च्या अधिसूचनेने संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना हे काम नेमून दिलेलं होतं, पण ती पहिल्या सुनावणीत न्यायालयापुढे आलीच नव्हती.

पुनर्विलोकनातला हा निकाल मला मान्य आहे. सही कुठल्या टेबलावर झाली याने आयातदाराची उत्तर देण्याची संधी गेली नव्हती. टोकावड्यात सही बरोबर माणसाची असेलही, पण उत्तर द्यायचं कुणी?

दुकानदाराने सातबाऱ्याच्या दोन प्रती काढल्या. बाबांनी मूळ कागद त्याच घड्यांवर दुमडला आणि विचारलं, “नोटीस कोनाच्या हाती दिली, ते लिवलेलं असतं ना कुठंतरी?”

असतं, मी म्हणालो. बजावणीच्या पावतीवर सही किंवा अंगठा असतो. ती पावती मागा.