वहाणेचा अंगठा
मोत्यानं दादांच्या नव्या वहाणेचा अंगठा कुरतडला, तेव्हा मी त्याला काठीनं बडवलं. पिल्लू चार महिन्यांचं. दुधाचे दात पडत होते, हिरड्या शिवशिवत होत्या. आजी म्हणाली, "नामदेव तुपाची वाटी घिऊन कुत्र्यामागं पळाले, आन् तू काठी घिऊन पळ! आरं, कातडं म्हशीचं. तिला इचारलं हुतं का कुणी?"

मी गप्प झालो. वहाण उंबऱ्यात टाकलेली मीच. मार मात्र त्याला. 'माझं-तुझं' आपण ठरवलं, मुक्या जिवाला ते कसं कळावं?

संध्याकाळी भाकरी घेऊन गेलो. शेपूट हलवत आला. पण गोंजारायला हात उचलताच अंग चोरून बसला. वहाणेला नवा अंगठा बसला. मोत्याचं ते अंग चोरणं मात्र शेवटपर्यंत गेलं नाही.