मागे बसलेला आवाज

मैफलीत माझं लक्ष आधी जातं ते गायकाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्याकडे. गुरूंनी आलाप सोडला की तो त्यानं उचलायचा, त्यांच्याच वळणानं पुढे न्यायचा आणि त्यांनी श्वास घेताच हळूच मागे सरायचं. काही वर्षं मीही माझ्या गुरू, बाईंच्या मागे अशी बसले. एकदा यमन रंगात आला असताना बाई निषादावर थांबल्या, मान किंचित मागे वळली. मी जे गायले ते तालमीतलं नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत, पण पुढची जागा त्यांनी माझ्या स्वरावरून घेतली. ते आठवलं की आजही घसा दाटतो.

घराणं म्हटलं की पुष्कळांना आधी बंधनंच दिसतात. मला अल्लादिया खाँसाहेब आठवतात. अति गाण्यानं तरुणपणीच त्यांचा आवाज बसला, पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही. मग उरलेल्या गळ्याला पेलेल अशी लयीला बिलगून चालणारी, पेचदार गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौलीची म्हणून आपण जी चाल मानतो, ती अशी एका माणसाच्या अडचणीतून निघाली. मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडेच शिकल्या. त्यांच्या कन्येनं, किशोरीताईंनी, आलाप लांबवला, लयीची पकड सैल केली. हे जयपूरचं गाणं नव्हे, असं जाणकार म्हणाले. मला ते कधीच पटलं नाही. खाँसाहेबांनी आपल्या गळ्याचं ऐकलं, ताईंनी आपल्या मनाचं. आणि अनवट रागाची वाट त्या किती निःशंक चालत, ते ऐकलं की आईची तालीम लपत नाही.

कुमार गंधर्वांनी तर घराण्याची चौकटच नाकारली. क्षयानं त्यांना देवासला अंथरुणाला खिळवलं, बरे झाले तेव्हा श्वास पूर्वीचा राहिला नव्हता. पण तेही एकटे कुठे होते? लहानपणी देवधर मास्तरांच्या मुंबईच्या क्लासात त्यांनी नाना घराण्यांचे गवई जवळून ऐकले होते. आजारात माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली. त्यांतल्या धुनांमधून पुढे त्यांचे धुनउगम राग आले. दुसऱ्यांचं इतकं कानात साठवल्याशिवाय कुणाला स्वतःचं काही सापडलेलं मी तरी पाहिलं नाही.

आता माझ्या मागे एक मुलगी बसते. रेकॉर्डिंग ऐकून ती माझ्या हरकती हुबेहूब उचलते, अगदी मी दम घेते तिथेच दम घेते. तिचा श्वास माझ्याहून लांब आहे. परवा भूपाच्या आलापात मी मुद्दाम गंधारावर थांबले, मागे पाहिलं नाही. तीही थांबली. तबलजींचा ठेका तेवढा चालू होता. दुसऱ्या आवर्तनात तिनं गंधार लावला आणि माझा दम जिथे संपला असता, तिथून पुढे गेली.