परमुलखातील आपले टेबल

परमुलखात जाऊन राहणाऱ्या माणसाची पहिली गरज अन्नाची, दुसरी निवाऱ्याची आणि तिसरी आपल्या भाषेत विनाकारण बोलता येण्याची असते. ही तिसरी गरज कोणी हिशेबात धरीत नाही; परंतु ती भागविण्यासाठी माणसे सुट्टीच्या दिवसाची झोप मोडतात आणि शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातात. बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरम येथे रेल्वेमार्गावर तारांनी तोललेला पूल आहे. त्या पुलापासून व्हाइटफील्डपर्यंतच्या पट्ट्यात संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने येऊन राहिलेली मराठी कुटुंबे रविवारी दहा-साडेदहाच्या सुमारास एखाद्या कॅफेत जमतात. न्याहारीची वेळ उलटलेली असते आणि जेवणाची झालेली नसते. अशा अधल्यामधल्या खाण्याला ‘ब्रंच’ म्हणावे आणि ते रविवारी करावे, असे गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये सुचविले होते. मराठी माणसाला मात्र ही प्रथा अगदीच नवी म्हणता येणार नाही. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवीही रविवारी चहाच्या निमित्तानेच एकत्र येत. फरक इतकाच, की ते आपल्याच गावात बसलेले होते.

या बैठकींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दहा-दहा वर्षे शहरात राहून ज्यांना रिक्षावाल्याशी चार वाक्ये कन्नडमध्ये बोलता येत नाहीत, त्यांनी आठवड्याचा एकमेव मोकळा दिवस पुन्हा आपल्याच लोकांत घालवावा, हे कृतघ्नपणाचे नाही काय? त्यावरचे उत्तरही ठरलेले आहे. सहा दिवस परभाषेत वावरणाऱ्याने सातव्या दिवशी स्वभाषेत श्वास घेतला, तर त्यात कोणाचे काय गेले? दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि म्हणूनच त्यांचा वाद फारसा उपयोगाचा नाही. नैतिक प्रश्न उभा राहतो तो त्या टेबलाशी आठवा माणूस बसलेला असतो तेव्हा.

समजा, सात जण मराठी आहेत आणि आठवा त्यांपैकी एकीचा कन्नड पती आहे. शहर त्याचे आहे. भोवतालच्या पाट्या, बसवरची अक्षरे, शेजारच्या टेबलावरचे बोलणे, सारे त्याचे आहे. केवळ त्या आठ खुर्च्यांच्या वर्तुळात तो परका आहे. सौजन्य म्हणून संभाषण इंग्रजीत सुरू होते आणि दहा मिनिटे टिकते. मग कोणाला तरी शाळेतल्या मास्तरांची नक्कल आठवते. नक्कल इंग्रजीत होत नाही. सातही जण हसतात. पत्नी हळूच भाषांतर करून सांगते, तोवर हसणे संपलेले असते. पुढच्या रविवारी त्याला काम निघते. त्याच्यापुढच्या रविवारी तीही येत नाही.

येथे अपराध कोणाचा? कोणी त्याला हिणविले नाही, कोणी ऊठ म्हटले नाही. ज्यात अन्याय करणारा सापडत नाही असा हा अन्याय आहे, आणि नीतिशास्त्राला अशीच प्रकरणे अवघड जातात. इमान्युएल कांट याने १७९५ च्या आपल्या शाश्वत शांततेवरील निबंधात परक्याचा हक्क मान्य केला, पण तो भेटीस येण्यापुरता. पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क त्याने त्यात धरला नाही. हा विचार आगंतुकाला काय मिळावे याचा आहे. आगंतुकाने स्वतः टेबल मांडले, की त्याच क्षणी तो यजमान होतो, आणि यजमानाची कर्तव्ये त्यालाही लागू होतात, याचा हिशेब मात्र त्यात मिळत नाही. परदेशस्थ समाज स्वतःला कायम पाहुणे समजतात. कदाचित ते सोयीचेही असेल.

मराठी आणि कन्नड यांच्या संदर्भात ‘परका’ हा शब्द तसाही सैल बसतो. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, के. आर. पुरमवरून जाणारा जुना मद्रास रस्ता ज्या होसकोटे आणि कोलारकडे जातो, ते प्रदेशही त्याच जहागिरीतले. पंढरीच्या विठोबाला संतांनी कानडा म्हटले. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि ते कन्नडचे थोर कवी झाले. अर्थात बेंद्र्यांचा दाखला देऊन रविवारी दमलेल्या अभियंत्याला लाजविणे अप्रस्तुत आहे. प्रतिभा ही कर्तव्य म्हणून मागता येत नाही.

बंगळूरच्या दर्शिनीत हा पेच उद्भवतच नाही. तेथे उंच टेबलाशी उभ्यानेच खावयाचे असते. जागा राखून ठेवता येत नाही, आणि ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणत कोणीही अनोळखी माणूस आपली बशी शेजारी टेकवतो. कॅफेत टेबल आधी सांगून ठेवतात, खुर्च्या मोजून लावतात. पण दर्शिनीत दोन तास गप्पाही होत नाहीत, हेही खरे. ज्या निवांतपणासाठी माणसे जमतात तोच निवांतपणा वर्तुळ बंद करतो.

समजा, काही आठवड्यांनी तो कन्नड पती पुन्हा आला आहे. पुढ्यात उपीट आले आहे. आणून देणारा पोऱ्या कोठल्या तरी उत्तरेकडच्या राज्यातला आहे, पण तो ‘उप्पिट्टु’ म्हणतो. सातांपैकी एक जण सहज विचारतो, आमच्या उपिटाचे आणि या शब्दाचे काही नाते आहे का? तो सांगू लागतो : उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. मग तूप आणि तुप्प निघते, अण्णा आणि अक्का निघतात. पत्नीला भाषांतर करावे लागत नाही. उपीट निवत जाते आणि पोऱ्या बिल घेऊन दोनदा परत जातो.